कोलोकेशन केंद्रातील ‘रिमोट हँड्स’ सेवा : दीड वर्षाच्या वापरानंतर

आमचे सर्व्हर एका कोलोकेशन केंद्रात, म्हणजे अनेकांचे सर्व्हर एकत्र ठेवणाऱ्या डेटा सेंटरमध्ये, भाड्याने घेतलेल्या दोन रॅकमध्ये (सर्व्हर बसवण्याच्या उभ्या चौकटींमध्ये) आहेत आणि त्यांची देखभाल करणारे आम्ही चौघेही बहुतेक दिवस घरूनच काम करतो. पूर्वी आठवड्यातून एकदा कोणीतरी केंद्रात जाऊन येत असे. दीड वर्षापूर्वी आम्ही तेथील रिमोट हँड्स सेवा घेतली. तिकीट, म्हणजे कामाची लेखी विनंती, टाकले की केंद्राचा तंत्रज्ञ रॅकपाशी जाऊन केबल बदलणे, डिस्क काढणे-घालणे, दिव्यांचे रंग पाहून कळवणे अशी कामे आमच्या वतीने करतो. आता आमची फेरी तीन महिन्यांतून एकदाच होते. सेवा घ्यावी अशी आहे. फक्त तिच्यावर कोणते काम सोपवावे आणि कोणते सोपवू नये, हे उमगायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागले.

घरून होण्यासारखे काम पुष्कळ असते. सर्व्हर दुरून हाताळण्याचे आयपीएमआय हे मानक १९९८ मध्ये आले, पुढे २०१५ मध्ये त्याच कामाचे रेडफिश हे मानक आले, आणि ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण कोलमडलेला सर्व्हरही त्याच्या बीएमसीमार्फत (सर्व्हरमधल्या स्वतंत्र देखरेख चिपमार्फत) दुरून बंद-चालू करणे ही रोजची बाब झाली. रॅकच्या तोंडाशी येणारी हवा अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने शिफारस केलेल्या १८ ते २७ अंश सेल्सिअसच्या मर्यादेत आहे की नाही, हे सेन्सर घरबसल्या सांगतात. ते तापमान दोन अंशांनी का चढले, याचे उत्तर मात्र एकदा रॅकमधली रिकामी जागा झाकून गरम हवा पुढे येऊ न देणारे ब्लँकिंग पॅनेल निसटून खाली पडले होते हे होते, आणि ते तंत्रज्ञाने पाठवलेल्या छायाचित्रात दिसले.

या सेवेचा खरा कस एका डिस्कच्या कामात लागला. मी तिकिटात ‘स्लॉट क्रमांक ४ मधील डिस्क बदलावी’ असे लिहिले होते. तंत्रज्ञाने रॅकपाशी जाऊन हात आवरला आणि फोन केला : “तुम्ही चार लिहिलंय, पण पिवळा दिवा पाचव्या डिस्कवर आहे. कोणती काढू?” आमचे सॉफ्टवेअर शून्यापासून मोजत होते, तो एकपासून. डिस्कची रचना रेड-५, म्हणजे एकच डिस्क गेली तरी माहिती टिकवणारी, असल्यामुळे एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरी धडधाकट डिस्क ओढली गेली असती, तर बॅकअपवरून सारे पुन्हा उभे करण्यात आमचे दोन दिवस गेले असते. तेव्हापासून आम्ही तिकिटात क्रमांकाऐवजी डिस्कचा सिरीयल नंबर लिहितो आणि बीएमसीतून त्या सर्व्हरची ओळख पटवणारा निळा दिवा आधीच पेटवून ठेवतो.

प्रत्येक वेळी असा माणूस भेटतोच असे नाही. नव्या स्विचची फायबर जोडणी ‘पूर्ण’ म्हणून तिकीट बंद झाले, पण जोडणी काही सुरू होईना. पुढची दोन तिकिटे वेगवेगळ्या पाळ्यांतल्या दोघांनी ‘केबल घट्ट बसवली आहे’ या शेऱ्यासह बंद केली. शेवटी आमच्यातला एक जण स्वतः गेला. एलसी कनेक्टरच्या (फायबरच्या टोकाच्या जोडाच्या) दोन तारा, एक पाठवणारी आणि एक घेणारी, उलट बसल्या होत्या, त्या अदलाबदल करायला मिनिटही लागले नाही. बिल अर्ध्या तासाच्या टप्प्याने होत असल्यामुळे त्या मिनिटाच्या कामाचे आम्ही दीड तासाचे पैसे भरले होते. तक्रार केल्यावर एक तिकीट माफ झाले.

प्रतिसादाच्या वेळेबद्दल तक्रार नाही. करारात तीस मिनिटे आहेत आणि पाळी बदलण्याची वेळ सोडली तर माणूस त्याआधीच पोहोचतो.

सर्वांत मोठी चूक मात्र सेवेची नव्हती, आमचीच होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे अंतर्गत नेटवर्क कोसळले, तेव्हा डीएनएससोबत (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेसोबत) अभियंत्यांची नेहमीची साधनेही निकामी झाली, माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, आणि कडक सुरक्षेमुळे आत शिरून उपकरणांपर्यंत पोहोचण्यातही वेळ गेला. हे सगळे वाचलेले असूनही आम्ही तिकीट टाकण्यासाठी अधिकृत म्हणून नोंदवलेला ईमेल पत्ता त्याच रॅकमधल्या मेल सर्व्हरवरचा होता. एका रात्री स्विच बंद पडला, मेल जाईना, आणि फोनवर सांगायचा पिन आमच्यापैकी कोणालाच आठवेना. केंद्राने ओळख पटल्याशिवाय रॅक उघडायला नकार दिला. त्या वेळी संताप आला, पण त्यांनी केले ते योग्यच होते. आता पत्ता बाहेरच्या सेवेवरचा आहे, पिन चौघांकडे आहे, आणि मुख्य नेटवर्क बंद असतानाही उपकरणांपर्यंत पोहोचता यावे म्हणून कन्सोल सर्व्हरला वेगळा मोबाइल मोडेम जोडला आहे.

आम्ही घरी बसून काम करू शकतो ते रात्रपाळीत रॅकसमोरच्या थंड हवेच्या मार्गिकेत जॅकेट घालून उभ्या राहणाऱ्या कोणाच्या तरी जिवावर, ही गोष्ट मला तिकिटे लिहिताना अनेकदा जाणवते. तिकीट नीट, घाई न करता लिहावे असे वाटण्यामागे तेही एक कारण आहे.

करार आम्ही आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. डिस्क, केबल, छायाचित्रे आणि वीज बंद-चालू करणे त्यांच्याकडे राहील. नवीन फायबर जोडणी आणि स्टोरेज कंट्रोलरचे (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचे) फर्मवेअर बदलणे यांसाठी आमच्यापैकी एक जण स्वतः जाईल, आणि त्या दिवशी रॅकमधली सर्व लेबले पुढून-मागून तपासून येईल.