द्राक्ष की बेदाणा: कर कुठे लागतो?

तासगाव-मिरज पट्ट्यात फेब्रुवारी उजाडला की घरोघरी एकच वाद: द्राक्षमाल ताजा द्यायचा की बेदाण्यासाठी शेडवर वाळवायला टाकायचा? भावाचं गणित सगळेच मांडतात, कराचं कोणी मांडत नाही.

ताज्या द्राक्षावर जीएसटी शून्य. विषय संपला.

बेदाण्याचं तसं नाही. डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरायचं तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड बुडवायचे, जाळीवर पंधरा दिवस वाळवायचे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. शेतकऱ्याच्या लेखी हीही शेतीच. कराच्या तक्त्यात मात्र बेदाणा 5 टक्क्यांत बसतो, म्हणून ‘हा शेतमाल की प्रक्रिया केलेला माल’ हे भांडण. 21 डिसेंबर 2024 रोजी जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने खुलासा केला: शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही. कारण वाळवणीत नाही, विकणाऱ्यात आहे. स्वतःच्या जमिनीतला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला कायद्याने जीएसटी नोंदणीच लागत नाही. तोच बेदाणा नोंदणीकृत व्यापाऱ्याने पुढे विकला की 5 टक्के लागतात.

हळदीचंही असंच: ओली करमुक्त, शिजवून वाळवलेली 5 टक्क्यांत. (हळद न शिजवता बाजारात कोण आणतो, हे तक्ता करणाऱ्यांना विचारावं.)

माझं मत? कराला भिऊन बेदाणा टाळू नका; भीती अवकाळीची धरा. फक्त शेजाऱ्याची द्राक्षं विकत घेऊन शेड चालवणार असाल, तर आधी कर सल्लागाराला गाठा; तिथे तुम्ही शेतकरी राहत नाही.