राऊटर टेबल घरी बनवताय? प्लाय की एमडीएफ, प्लेट की थेट बसवणं, आणि फिनिश कोणतं

राऊटर म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खाचा मारायचं आणि कडा घडवायचं यंत्र, ते टॉपखाली उलटं लटकवलं आणि पातं (बिट) वर काढलं की झालं राऊटर टेबल. ते बनवायचं ठरलं की बरेच जण आधी खालचं कपाट आणि ड्रॉवर यांचाच विचार करत बसतात, पण टेबल चांगलं की वाईट हे वरच्या टॉपवरच ठरतं. टॉप सपाट असेल तर खाली जुन्या टेबलाचा सांगाडा लावला तरी काम होतं.

माझं पहिलं टेबल 18 मिमीच्या एकाच प्लायचं होतं. राऊटर कायम खाली लटकलेला, चार-पाच किलो वजन, आणि काही महिन्यांनी एका लांब पट्टीला खाच मारली तर दोन्ही टोकांना खोल आणि मधे उथळ! कोलेट (बिट पकडणारा भाग) दोनदा तपासला, बिट बदललं, काहीच फरक नाही. शेवटी स्टीलची पट्टी टॉपवर आडवी उभी धरली आणि मागून टॉर्च मारला तर बिटच्या आसपास खालून उजेड दिसायला लागला. टॉपला बाक आला होता, लांब पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी राहायची म्हणून मधे बिट कमी लागायचं.

म्हणून आता माझं स्पष्ट मत, 18 मिमीचे दोन एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड) चिकटवून 36 मिमीचा टॉप करा आणि वर-खाली दोन्हीकडे सनमायका लावा. एकाच बाजूला लावली तर उघडी बाजू हवेतली ओल जास्त पिते आणि टॉप वाकतो, त्यामुळे खालची बाजू दिसत नाही म्हणून सोडू नका. चिकटवताना खाली जी जागा असेल तिचाच आकार टॉप घेतो, तेव्हा आधी ती जागा सपाट आहे का ते बघा. स्क्रू मारणार असाल तर पायलट होल हवंच, नाहीतर एमडीएफ स्क्रूभोवती फुगतो आणि दोन तुकड्यांच्या मधे फट राहते.

प्लाय हलका, स्क्रू धरायला चांगला, आणि टेबल सारखं उचलून इकडेतिकडे न्यायचं असेल तर मी प्लायच म्हणेन, पण तोही डबल, आणि आणतानाच सरळ बघून घेतलेला. ओलसर जागेत एमडीएफच्या कडा फुगतात. तिथे लाकडाची लिपिंग, म्हणजे कडेची पट्टी लावा, नाहीतर पाणी घालून पातळ केलेला लाकडाचा ग्लू कडांना दोनदा चोपडा आणि वाळल्यावर घासा.

आता राऊटर कसा बसवायचा. टॉपच्या खालून कोरून थेट बसवला तर खर्च कमी, पण कोरल्यावर वर जो पातळ भाग उरतो तो कमकुवत, आणि जाड ठेवला तर बिट पुरेसं वर येत नाही. शिवाय दरवेळी बिट बदलायला खाली वाकावं लागतं. टॉपच्या खाचेत बसणारी अॅल्युमिनियम किंवा फिनोलिकची (कडक प्लास्टिकची) प्लेट असली की राऊटर प्लेटसकट वर उचलायचा, बिट बदलायचं, परत ठेवायचं. माझी पसंती प्लेटलाच. फक्त तिची खाच नीट झाली पाहिजे. प्लेटभोवती चार पट्ट्या घट्ट टेकवून टेम्प्लेट करा, टेम्प्लेटला टेकून चालणारं बेअरिंगवालं बिट वापरा, आणि कोपऱ्याची गोलाई प्लेटशी जुळते का ते भंगार तुकड्यावर आधी बघा. खाचेत छोटे लेव्हलिंग स्क्रू ठेवा, कारण प्लेट नखाला लागेल इतकी जरी वर-खाली असली तरी काम पुढे जाताना तिथे अडकतं.

फेन्समध्ये, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवतो त्या उभ्या पट्टीत मात्र फार पैसे घालू नका. बिट गोल फिरतं, त्यामुळे फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असायची गरज नाही, एक टोक बोल्टवर फिरतं आणि दुसऱ्याला क्लॅम्प एवढंही पुरतं. (माइटर गेज, म्हणजे टॉपच्या खाचेत सरकणारा लाकूड ढकलायचा गेज वापरणार असाल तर मात्र फेन्स त्याच्या खाचेला समांतर हवी.) दोन भागांची फेन्स केलीत तर लाकूड बाहेर पडतं त्या बाजूच्या, म्हणजे डाव्या भागाला सनमायकाची 1 मिमीची पट्टी लावा, बिट त्या पट्टीशी एका रेषेत आणा, आणि कडा सरळ करायला रंध्याचं काम टेबलावरच होतं. खूप छान निघतात कडा.

फिनिशमध्ये सनमायका असेल तर फक्त पेस्ट वॅक्स पुसा, सिलिकॉनवालं नको, कारण ते लाकडाला लागलं की पुढे पॉलिश धरत नाही. सनमायका नसेल तर पॉलियुरेथेनचे तीन हात द्या, पहिल्या हाताने एमडीएफचे तंतू उभे राहतात, ते 320 च्या पेपरने हलकेच काढा, मग पुढचे दोन. हे चालतं, पण रोज काम असेल तर सनमायकाइतकं टिकत नाही.

टॉप कुठलाही घेतलात तरी स्विच हाताला सहज सापडेल असा समोर लावा, आणि लाकूड फेन्सला टेकवून उजवीकडून डावीकडे सरकवा, बिट आणि फेन्सच्या मधे कधीच नाही, तसं केलं तर बिट लाकूड हातातून खेचून घेतं.