इपॉक्सी की ॲल्युमिनियम: रेमिंग्टन ७०० चे बेडिंग

बेडिंग म्हणजे रायफलीची ॲक्शन (गोळी चेंबरमध्ये भरून बंद करणारा धातूचा भाग) दस्त्यात घट्ट, न हलता बसवणं. अमेरिकेत रेमिंग्टन ७०० च्याच ॲक्शनवर दोन स्नायपर रायफली उभ्या राहिल्या. मरीन कोअरची एम४०ए१ फायबरग्लासच्या दस्त्यात इपॉक्सी (कडक होणारी राळ) ओतून बसवलेली, तर लष्कराची १९८८ ची एम२४ दस्त्यातच घट्ट बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर टेकलेली.

ब्लॉकचं काम सरळ: ॲक्शन ठेवा, स्क्रू ६५ इंच-पाउंडांवर आवळा, झालं. शेकडो रायफली बांधायच्या तर हेच बरं.

इपॉक्सीत मात्र कारागिराचा हात दिसतो. आधी ॲक्शनला मेणाचा पातळ हात, स्क्रूच्या भोकांत मॉडेलिंग क्ले. रिकॉइल लगच्या (ॲक्शनच्या खाली पुढे आलेला, धक्का दस्त्याला देणारा खुंटा) पुढे, बाजूंना आणि खाली टेपचा थर. मागची बाजू तेवढी उघडी, कारण धक्का तीच झेलते. मेण एका ठिकाणी जरी सुटलं तरी ॲक्शन दस्त्यात कायमची चिकटते! पण नीट जमलं, की त्या एकाच ॲक्शनचा हुबेहूब ठसा मिळतो. कारखान्यातून आलेली ॲक्शन क्वचितच तंतोतंत गोल असते. ब्लॉक तो फरक भरून काढत नाही.

म्हणून एकच रायफल असेल तर मी इपॉक्सीच निवडेन. ब्लॉक आधीच असेल तर त्यावरही इपॉक्सीचा पातळ थर देता येतो.