जळगावातला टाइप कास्टिंगचा वीकेंड क्लास, चार शनिवारांचा अनुभव

टाइप कास्टिंग म्हणजे प्रोग्रॅममध्ये एका प्रकारचा डेटा दुसऱ्या प्रकारात बदलणं, जसं मजकुराचा आकडा करणं. क्लासचं नाव टाकत नाही, जळगावात स्टेशनच्या जवळपास आहे एवढंच. मी रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर बघतो, सर्व्हर पायथॉनमध्ये अन् फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये. गेल्या सीझनला दोन गाड्यांचं वजन १८ आणि २२ क्विंटल, बेरीज मारली तर स्क्रीनवर १८२२! मालक म्हणे भाऊ, एवढ्या गाड्या उभ्या कुठं केल्या? त्याच आठवड्यात क्लास लावला.

सर शिकवतात भारी. थिअरी कमी, कोडची एकच ओळ चार प्रोग्रॅमिंग भाषांत चालवून दाखवतात. फॉर्ममधून येतं ते स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच असतं, जावास्क्रिप्टला अधिक चिन्ह दिसलं की ते स्ट्रिंगा चिकटवून टाकतं, वजाबाकीला मात्र गुपचूप आकडा करून घेतं, पायथॉन "५" अधिक ३ ला सरळ टाइप एरर देऊन मोकळं. ७ भागिले २ पायथॉनमध्ये ३.५, सी अन् जावात दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक असले की ३, म्हणजे अर्धा क्विंटल तिथंच गेला ना!

पैसे वसूल झाले तिसऱ्या शनिवारी. आमचा काट्यावरचा पोरगा मोबाइलवर मराठी कीबोर्ड ठेवतो, वजन मराठी आकड्यात टाकतो, मग फॉर्मवर नॅन (म्हणजे 'हा आकडा नाही') यायचं आणि मी बसायचो नेटला शिव्या घालत. सरांनी मराठीतलं "१२" प्रत्येक भाषेतल्या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये चालवलं. पायथॉनचा इंट १२ देतो, जावाचा पार्सइंट पण १२, जावास्क्रिप्टचा नंबर नॅन, अन् सीचा एटूआय काही न बोलता ०. हे शून्य लई वाईट, एरर आला तर कळतं तरी. आता मी आधी आकडे इंग्रजीत बदलतो मग कास्ट करतो, आणि वजनाचा रकाना रिकामा असला तर तिथंच अडवतो, कारण नंबरला रिकामी स्ट्रिंग दिली की तो पण ० च देतो.

तक्रारी आहेतच. नोट्स जुन्या, पीएचपी या भाषेत डबल इक्वलनं (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते तपासणारं ==) "अबक" आणि ० ट्रू येतं असं छापलंय, अहो ते ७ पर्यंत, २०२० च्या पीएचपी ८ पासून फॉल्स येतं. सांगितलं तर सर हो हो करतो म्हणाले, पुढच्या बॅचला तीच झेरॉक्स. आणि मे महिन्यात तीस जणांत एक कूलर, तोही सरांकडं तोंड करून.

फी साडेतीन हजार, कमी करत नाहीत. चार स्टार, एक कूलरचा कापला. सकाळची बॅच घ्या, दुपारी शेवभाजी खाऊन आलेलं निम्मं पब्लिक झोपलेलं असतं.