सागरी जिवाणू कोल्हापुरात जपायचे कसे: स्लँट, ग्लिसरॉल की लायोफिलायझेशन?

रत्नागिरीहून आंबा घाट चढून आणलेला नमुना मेला, की पुन्हा समुद्र गाठायला आख्खा दिवस मोडतो. म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जिवाणू वेगळे करणार असाल, तर ते जपायचे कसे हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

वाढवण्यात फार डोकेफोड नाही. झोबेल मरीन अगार 2216 या सागरी जिवाणूंच्या वाढमाध्यमाची तयार पावडर लिटरला साधारण 55 ग्रॅम लागते. ऑटोक्लेव्हनंतर (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) थोडा गाळ दिसला तर घाबरू नका. कॅनमधून आणलेले समुद्राचे पाणी स्वस्त पडते, पण पावसाळ्यात किनाऱ्यालगत त्यातले मीठ कमी होते आणि प्रयोग जुळेनासे होतात. मी पावडरच घेते.

स्लँटला, म्हणजे नळीत तिरक्या घट्ट केलेल्या अगारवर जिवाणू वाढवून ठेवण्याला, खर्च नाही, पण तीन-चार आठवड्यांनी नव्या नळीत बदली करावीच लागते. प्रत्येक बदलीत दूषित होण्याची भीती, शिवाय जिवाणूही हळूहळू बदलतो. बाजारातल्या माशावरून मिळालेला एक चमकणारा जिवाणू मी असाच स्लँटवर ठेवला होता. वाढ छान होती, पण काही महिन्यांनी अंधारात पाहिले तर प्रकाश जवळजवळ गेलेला. शिवाय फ्रिजमधला 4 अंशांचा थंडावा अनेक व्हिब्रिओंना (समुद्रात सर्रास आढळणाऱ्या जिवाणूंच्या एका गटाला) मानवत नाही.

ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे ग्लिसरॉल मिसळून गोठवलेला जिवाणूंचा साठा, उणे 80 अंशांवर वर्षानुवर्षे टिकतो. ताजे, जोमात वाढलेले कल्चर घ्या आणि ग्लिसरॉल शेवटी 20 टक्के होईल असे मिसळा. मात्र ग्लिसरॉल साध्या डिस्टिल्ड पाण्यात नव्हे, मरीन ब्रॉथमध्येच (अगार नसलेल्या त्याच द्रव माध्यमात) पातळ करा. मीठ एकदम उतरले तर खाऱ्या पाण्याला सरावलेल्या अनेक पेशी फुटतात, आणि दोष विनाकारण फ्रीझरला लागतो. कुपी पूर्ण वितळू न देता वरूनच लूपने खरवडा. उणे 20 वरही चालते, पण महिन्यांच्या हिशेबाने. आणि वीज गेल्यावर जनरेटर कोण सुरू करणार, हे आधी विचारा. फ्रीझरचे दार बंद ठेवले तर काही तास निभावते.

लायोफिलायझेशनमध्ये पेशी स्किम मिल्कमध्ये घेऊन गोठवतात, निर्वातात सुकवतात आणि काचेची कुपी वितळवून बंद करतात. मग विजेची चिंता उरत नाही, कुपी टपालानेही जाते. पण सुकवताना बऱ्याच पेशी मरतात, नाजूक प्रजाती तर कधी सगळ्याच. यंत्र प्रत्येक कॉलेजात नसते. म्हणून हा मार्ग निवडक, महत्त्वाच्या स्ट्रेनपुरताच (वेगळ्या केलेल्या जिवाणूंपुरताच) ठेवा. असे स्ट्रेन पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहांत जमा करण्याबद्दलही विचारून बघा.

उणे 80 ची सोय असेल, तर मी डोळे झाकून ग्लिसरॉल निवडेन आणि प्रत्येक स्ट्रेनच्या दोन कुप्या दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये ठेवीन. फक्त उणे 20 असेल, तर ग्लिसरॉलसोबत स्लँटही चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी कुपी जिवंत आहे का ते प्लेटवर तपासा.

कुपीवर तारखेसोबत 'मरीन अगार' असेही लिहा. नाहीतर पुढचा विद्यार्थी साध्या न्यूट्रिएंट अगारवर ती पसरवेल आणि वाढ दिसली नाही म्हणून जिवंत जिवाणू फेकून देईल.