दाढेचं फिलिंग अन् आमचा लोडसेल, चार स्टार

आधीच सांगून ठेवतो, मी हिंगणा एमआयडीसीत काटे दुरुस्त करतो, म्हणजे ट्रकच्या वजनाचे काटे, लोडसेल (काट्यातला जोर मोजणारा सेन्सर) बदलणं, कॅलिब्रेशन वगैरे, दातातलं आपल्याला काही कळत नाही. दिवाळीच्या आधी खालच्या उजव्या दाढेत एका ठिकाणी (नाव नाही घेत) पांढरं फिलिंग भरलं, दहा मिनिटात मोकळा केला, मी खुश. घरी येऊन चार फुटाणे तोंडात टाकले तर अशी कळ गेली की डोळ्यातून पाणी. महिनाभर डाव्या बाजूनंच खाऊन राहिलो होतो, तर्री पोहे सुद्धा. मग मेहुण्यानं धरमपेठच्या या क्लिनिकचा नंबर दिला.

मॅडमनी एक्सरे काढला, जुनं फिलिंग काढून टाकलं. मी विचारलं, त्यांनी खराब काम केलं ना? तर म्हणे, "भाऊ, तसं नक्की नाही सांगता येत, बाईट उंच राहिली असेल, म्हणजे चावताना फिलिंग आधी लागत असेल, नाहीतर मटेरियल आकसताना एखाद्या भिंतीपासून सुटलं असेल." आकसतं म्हणजे? तर हे पांढरं फिलिंग, म्हणजे कंपोझिट, निळ्या लाईटनं कडक होताना साधारण 2-3 टक्के आकसतं, पातळवालं त्याहून जास्त, अन् चारही बाजूनं दाताला चिकटलेलं असल्यामुळे आकसायला जागा नाही, मग ते भिंतींना आत ओढतं. दाढेचे उंचवटे खरंच आत झुकतात म्हणे, मायक्रॉनमध्ये, पण झुकतात.

मी म्हटलं, ही ओढ मोजता येते का? बस, इथून गाडी सुटली, कारण मॅडमचा एमडीएसचा (दाताच्या डॉक्टरकीतली मास्टर डिग्री) थिसिसच यावर निघाला! मोबाईलवर फोटो दाखवला, दोन दांड्या समोरासमोर, टोकं सँडब्लास्ट केलेली, मधे नाण्याएवढ्या जाडीचं मटेरियल, खालची दांडी काचेची म्हणून त्यातून लाईट जातो, अन् वर आमचा लोडसेल! मटेरियल आकसलं की दांड्या जवळ ओढल्या जातात, न्यूटन मिळतात, क्षेत्रफळानं भागले की मेगापास्कलमधे स्ट्रेस. ग्राफमधे लाईट बंद केल्या क्षणी एक झटका दिसतो, मी लगेच बोललो हे तर गरम झालेलं थंड होऊन राहिलं, मॅडम हसल्या, म्हणे बरोबर. मे महिन्यात लॅबचा एसी गेला की त्या दिवसाचं रीडिंग फेकूनच द्यायच्या.

पण खरी गंमत पुढे आहे बाप्पा. मशीन जितकी ताठ तितका आकडा मोठा, मशीन थोडी वाकणारी असली की तेच मटेरियल कमी स्ट्रेस दाखवतं. हे मला कोणी समजवायची गरजच नाही, प्लॅटफॉर्मखालचा पाया दबला की आमचा काटा पण असाच खोटं बोलतो. म्हणून कंपनीच्या पत्रकातला "स्ट्रेस इतका कमी"वाला आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही, आधी कोणत्या मशीनवर काढला ते विचारायचं. हे स्वतःच्या पेशंटला सांगणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

मग कागदावर डबा काढून दाखवला, खड्ड्याच्या पाच बाजू चिकटलेल्या अन् एकच मोकळी, म्हणजे गुणोत्तर 5, हे 1987 साली हॉलंडच्या लोकांनी मांडलं. मोकळी बाजू जास्त तर ओढ कमी. म्हणून माझ्या दाढेत एकदम न भरता तिरके तिरके थर दिले, प्रत्येक थर 2 मिमीच्या आत, दरवेळी वीस सेकंद लाईट, मशीन बीप करते अन् मी आ वासून पडलेला. एकदम 4 मिमी भरता येणारं मटेरियल पण येतं, तेही त्यांच्याकडे आहे, पण माझा खड्डा पाहून नको म्हणाल्या. शेवटी फिलिंग कुठे उंच लागतं ते दाखवणारा निळा कागद चावायला लावून पाच-सहा वेळा घासलं, जीभ रात्रीपर्यंत निळी.

पाऊण तास लागला. आता चार महिने झाले, त्याच बाजूनं फुटाणे खातो.

एक स्टार का कापला? अपॉइंटमेंट पाचची होती, आत घेतलं सव्वासहाला, अन् बाहेर कूलरसमोर एकच खुर्ची, तिच्यावर एक काकू आधीच बसलेल्या. गाडी लावायची पण बोंब आहे, गल्लीत लावा पण गेटसमोर नका लावू, समोरचे आजोबा हवा सोडतात.