काचेचा वाडगा की प्लास्टिकचा डबा?

कालचं बांगड्याचं हुमण (नारळाच्या रसातलं कालवण) मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं तर बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचा वाडगाच घ्या. नारळाच्या रसातलं तेल 100 अंशांच्याही वर तापू शकतं. प्लास्टिक तिथे मऊ पडतं, हळद-मिरचीचा रंग धरतं आणि बांगड्याचा वास तर आठवडाभर सोडत नाही. तळाशी त्रिकोणात 5 आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण असलेला डबा नुसत्या भाताला चालेल: चमचाभर पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवा. घट्ट लावलं तर वाफेने उडतं.

काचेची खोट एकच, साधी काच फ्रिजमधून काढून लगेच तापवली तर तडकते. बोरोसिलिकेट तग धरते, तरी गरम वाडगा ओल्या ओट्यावर ठेवू नका. भांडं कुठलंही असो, मिनिटामिनिटाने हलवा. नाहीतर कडेला उकळी, मध्ये गारठा. आइस्क्रीमचे रिकामे डबे सुक्या मिरच्यांनाच बरे.